काकांचा डबा: जुन्या ब्रिटिश नाण्यांच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार

आज काकूकडे लंडनमधल्या हॅरोला माळा आवरायला घेतला. एप्रिलमध्ये ती लेकीजवळ मिल्टन कीन्सला फ्लॅटमध्ये राहायला जाणार, म्हणजे तीन महिन्यात अख्खं घर रिकामं करायचंय. सुटकेसांच्या मागे चॉकलेटचा मोठा पत्र्याचा डबा होता, मला वाटलं शिवणाचं सामान असेल, उचलायला गेले तर हलेचना. झाकण काढलं तर काठोकाठ नाणी. वर एक वही, रबर बँड कुजून पानांना चिकटलेलं.

काका १९६४ ला वाईहून लंडनला आले आणि बसवर कंडक्टर लागले. गळ्यात तिकिटाचं मशीन, खांद्याला चामड्याची पिशवी, दिवसभर पेन्या मोजायच्या. तेव्हा इथे दशमान पद्धत आली नव्हती, बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्या. १५ फेब्रुवारी १९७१ ला सगळं बदललं. बदलणार हे आधीच जाहीर झालेलं, त्यामुळे साठच्या दशकाच्या शेवटी इथे जो तो आपल्या सुट्ट्यात जुनी नाणी शोधायला लागलेला, काकांनाही तो नाद लागला. काकू म्हणाली, "यांनी एक पेनी फुकट आणली नाही कधी, स्वतःच्या पैशाने बदलून आणायचे, हे लिही आधी." लिहिलं.

तिने मला काम सोपवलंय की काय आहे ते लाव, किंमत काढ, विकण्यासारखं असेल ते वीक, फक्त कोणाला फसवायचं नाही आणि आपण फसायचं नाही. मला नाण्यांतलं काही कळत नाही म्हणून ही नोंदवही, जे करीन ते इथे लिहीन.

७ जानेवारी, रविवार

डबा गाडीतून स्लाऊला घरी आणला. एकूण वजन साडेसहा किलोच्या वर. डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरून ओतला आणि आधी फक्त जात लावली. पेन्या ३१२, हाफपेन्या १४०, फार्दिंग ३८ (पाव पेनी, काहींच्या मागे इवलासा पक्षी, रेन म्हणतात त्याला), बारा कोनांची पितळी तीन पेन्सची नाणी ५७, आणि मग पांढरी नाणी, म्हणजे सिक्सपेन्स, शिलिंग, दोन शिलिंगचा फ्लोरिन आणि अडीच शिलिंगचा हाफ क्राऊन. शिवाय चर्चिलचं चित्र असलेले चार मोठे क्राऊन, प्रत्येक वेगळ्या टिश्यूमध्ये गुंडाळलेला.

अडीच शिलिंगचं नाणं बघून मला हसू आलं कारण काका लहानपणी आम्हाला अडीचकी म्हणायला लावायचे. आठ हाफ क्राऊनचा एक पौंड. काका म्हणायचे इंग्रज पोरं अडखळायची तिथे मी बोटं न मोजता सुट्टे द्यायचो, कारण पावकी निमकी दीडकी अडीचकी शाळेत पाठ झालेली आणि लहानपण सोळा आणे बारा पै मध्ये गेलेलं. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ ला आली, म्हणजे एकदा तिकडे हिशेब बदललेला पाहून हा माणूस इथे आला आणि त्या बदलानंतर चौदा वर्षांनी इथेही तेच पाहिलं.

वही नंतर बघते. थकले.

१३ जानेवारी, शनिवार

तिळगूळ द्यायला काकूकडे गेले आणि एक गोष्ट कळली ती फार लागली. डब्यात अकरा पेन्या नव्या तांब्यासारख्या लालभडक चमकत होत्या, मला वाटलं हीच सगळ्यात भारी. सगळ्या व्हिक्टोरियाच्या, केसांचा अंबाडा घातलेल्या चेहऱ्याच्या, इथे त्यांना बन पेनी म्हणतात, १८६० ते १८९४ पर्यंतच्या. काकू म्हणाली, "अगं त्या मी घासल्यात, दिवाळीला देवाची भांडी घासायला काढली तेव्हा चिंच मीठ लावून, यांना सरप्राईज म्हणून." काका काही बोलले नाहीत म्हणे, फक्त "छान" म्हणाले आणि डब्यात ठेवून दिल्या.

आता मला वाचून कळलंय की जुनं नाणं घासलं की संपलं. शंभर वर्षांत धातूवर जो तपकिरी थर बसतो तोच संग्राहकाला हवा असतो, आंबट लावून घासलं की तो थर तर जातोच, वर बारीक रेघा पडतात, आणि तो रंग परत येत नाही. काकूला मी सांगितलं नाही. काकांनीही सांगितलं नव्हतं.

जी कोणी ही नोंद वाचेल तिच्यासाठी लिहून ठेवते: चिंच नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही, टूथपेस्ट नाही, चांदी पुसायचं कापड पण नाही. फार तर गोंद किंवा चिकटा असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवून तसंच वाळवायचं, चोळायचं नाही. आणि नाणं कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही.

२० जानेवारी, शनिवार

आज पांढरी नाणी. हा दिवस सगळ्यात जास्त उपयोगी गेला.

पांढरं दिसतं ते सगळं चांदी नसतं. १९१९ पर्यंतची नाणी ९२.५ टक्के चांदीची (यालाच स्टर्लिंग म्हणतात), १९२० ते १९४६ निम्मी चांदी, आणि १९४७ पासून चांदी शून्य, तांबं आणि निकेल. पहिल्या महायुद्धानंतर चांदीचा भाव इतका चढला की नाण्यातली चांदी नाण्याच्या किमतीहून महाग व्हायला लागली म्हणून १९२० ला निम्मी केली, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती म्हणून १९४७ ला पूर्ण काढली. आणि वजन मात्र तिन्ही वेळा तेच ठेवलंय! हाफ क्राऊन १४.१४ ग्रॅम, मग तो १९१० चा असो की १९६० चा. म्हणजे वजनकाट्यावर काही कळत नाही, वर्षच वाचावं लागतं.

कानाने मात्र थोडं कळतं. टेबलावर बोटाच्या टोकावर नाणं तोलून दुसऱ्याने हलकं टिचकलं की जुनं स्टर्लिंग खणखणीत वाजतं आणि बराच वेळ घुमतं, १९४७ नंतरचं बद्द करून थांबतं. आपण माणसाबद्दल म्हणतो ना नाणं खणखणीत आहे, ते शब्द मी आज पहिल्यांदा कानाने ऐकले. निम्म्या चांदीचं मधेच कुठेतरी, त्यावर मी पैज लावणार नाही. १९२० नंतर लगेचची काही नाणी झिजल्यावर पिवळट पडलीयत, ती पण एक खूण.

एक हाफ क्राऊन अडला. डावीकडे बघणारा दाढीवाला राजा, म्हणजे पाचवा जॉर्ज (सातवा एडवर्ड उजवीकडे बघतो, तो असता तर प्रश्नच नव्हता, त्याचं सगळं १९१० पर्यंतचं). मागे ढाल आणि भोवती पट्टा, म्हणजे १९२७ पर्यंतचं, कारण त्यानंतर मागचं चित्र बदललं. पण वर्षाच्या जागी नुसती गुळगुळीत जमीन. १९१९ च्या आतलं असेल तर जवळजवळ दुप्पट चांदी. वीस मिनिटं भिंगाखाली फिरवत बसले, काही दिसेना.

मग पाण्याचा प्रयोग केला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा बारा पौंडाला घेतलाय, त्यावर प्लास्टिकचा ग्लास पाण्याने भरून ठेवला आणि काटा शून्यावर आणला. नाण्याला शिवणाचा दोरा बांधून पाण्यात असं सोडलं की ते पूर्ण बुडलं पाहिजे पण बुडाला आणि काठाला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन १३.२०, पाण्यातला आकडा १.२७, भागिले तर साधारण १०.४. मग खात्रीसाठी १९४६ चा घेतला, १३.९० भागिले १.४६, साडेनऊ. स्टर्लिंग चांदी दहाच्या वर येते, निम्म्या चांदीचं दहाच्या खाली. म्हणजे माझं गुळगुळीत नाणं १९११ ते १९१९ मधलं! हात ओले, चहा गार झालेला, पण मी उठून काकूला फोन केला. ती म्हणाली, "हे असते तर रात्रभर हेच करत बसले असते."

२१ जानेवारी, रविवार

हिशेबाची एक सोपी युक्ती सापडली. चांदीची सगळी नाणी दर्शनी किमतीच्या प्रमाणात वजनाची आहेत, शिलिंग ५.६५ आणि फ्लोरिन बरोबर दुप्पट, त्यामुळे एक एक तोलायची गरजच नाही, दर्शनी पौंड मोजायचे. एक पौंडाची कुठलीही मिसळ नवी असताना ११३.१ ग्रॅम. त्यात निम्मी चांदी असेल तर ५६.५ ग्रॅम शुद्ध, स्टर्लिंग असेल तर १०४.६.

आपल्याकडे १९२० ते १९४६ ची नाणी ८ पौंड ५ शिलिंग ६ पेन्स, झीज धरून काट्यावर ९२० ग्रॅम, म्हणजे ४६० ग्रॅम शुद्ध. १९१९ पर्यंतची १ पौंड ३ शिलिंग, १२६ ग्रॅम, म्हणजे साधारण ११६ शुद्ध. चांदी सध्या ग्रॅमला ५८ पेन्सच्या आसपास, म्हणजे नुसती मोड धरली तरी ३३० पौंडाच्या वर. हा खालचा आकडा. याच्या खाली विकायचं नाही.

१९४७ नंतरचे शिलिंग फ्लोरिन एका पिशवीत वेगळे. त्यांचं काही येणार नाही, आता चालतही नाहीत. शिलिंग पाच पेन्स म्हणून १९९० पर्यंत चालला आणि फ्लोरिन दहा पेन्स म्हणून १९९३ पर्यंत, तेव्हा खर्च केले असते तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी, शनिवार

हाय स्ट्रीटवर सोनं-चांदी रोख घेणारं एक दुकान आहे तिथे अंदाज घ्यायला गेले. सगळं एका ताटात ओतलं, एकदाच तोललं, वर्ष बघितलंच नाही, आणि १८० पौंड म्हणाला. मी म्हटलं यात १९१९ च्या आधीची वेगळी पिशवी आहे, ती स्टर्लिंग आहे, तर म्हणे आम्ही जुनी नाणी सगळी निम्मीच धरतो. मी नको म्हणून उचलून आणलं. रस्त्यात विचार करत होते की काकू एकटी गेली असती तर १८० घेऊन आभार मानून परत आली असती. किती घरातले किती डबे असेच गेले असतील. मोड विकायला जाताना वर्षाप्रमाणे पिशव्या करून, वजन आणि दर्शनी रक्कम कागदावर लिहून जायचं, मग समोरचा पण नीट बोलतो.

४ फेब्रुवारी, रविवार

आज पेन्या आणि काकांची वही एकत्र. दोनशे पानी वही, डावीकडे वर्ष, पुढे काकांच्या बारीक अक्षरात बरोबरच्या खुणा, जितक्या पेन्या तितक्या खुणा, निळी शाई. १९०२ पासून १९६७ पर्यंत एकही वर्ष न सोडता ओळ आखलेली.

काही ओळी रिकाम्या होत्या आणि मला वाटलं काकांना मिळाल्या नसतील, मग एक एक वर्ष तपासलं तर कळलं की त्या पेन्या पाडल्याच नव्हत्या. १९२३, २४, २५ ला नाहीत. १९४१ ते ४३ नाहीत. १९५५ ते १९६० नाहीत. काका त्या ओळी आखून, रोज शिफ्टवरून येऊन, जे नाणं या जगात नाहीच ते शोधत होते. पुढे कधीतरी त्यांनाही कळलं असणार, कारण त्या ओळींवर नंतर पेन्सिलने आडवी रेघ मारलीय आणि बाजूला "टांकसाळीत नाही" लिहिलंय.

१९३३ च्या ओळीवर मात्र रेघ नाही, नुसतं एक वर्तुळ. १९३३ ची पेनी म्हणजे इथल्या सगळ्या पेनीवाल्यांचं स्वप्न. त्या वर्षी बँकांकडे पेन्या भरपूर होत्या म्हणून बाजारासाठी पाडल्याच नाहीत, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाडल्या, काही इमारतींच्या कोनशिलेखाली त्या वर्षीची नाणी ठेवायची म्हणून. लीड्सजवळच्या मिडलटनच्या चर्चमधून १९७० मध्ये कोनशिलेखालची पेनी चोरांनी पळवली, मग दुसऱ्या एका चर्चखालचीही चोरी होईल या भीतीने ती काढून विकून टाकली. एक ब्रिटिश म्युझियमकडे आहे. काका ही चोरीची गोष्ट रंगवून सांगायचे, मला वाटायचं गंमत करतायत.

दुसरं म्हणजे अक्षरं. काही वर्षी लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना तेव्हा बर्मिंगहॅमच्या कंपन्यांना पेन्या पाडायला दिल्या, त्यांची खूण वर्षाच्या डावीकडे अगदी बारीक. एच म्हणजे हीटन, १९१२, १९१८ आणि १९१९ ला. केएन म्हणजे किंग्ज नॉर्टन, १९१८ आणि १९१९. यातल्या केएनच्या पेन्या त्यामानाने दुर्मिळ. काकांकडे १९१८ च्या सात पेन्या, सहा साध्या, सातव्या पेनीवर वर्षाच्या आधी काहीतरी मळासारखं दिसत होतं. दिवा तिरका धरून, दहा पट भिंग डोळ्याला चिकटवून बघितलं तर आधी एक उभी रेघ, मग तिला टेकलेले दोन पाय, आणि शेजारी तिरपी दांडी असलेलं दुसरं अक्षर. केएन. वहीत पाहिलं तर १९१८ च्या सातव्या खुणेखाली काकांनी ठिपका दिलेला. त्यांनी ते भिंगाशिवाय, बसमध्ये, बल्बच्या उजेडात ओळखलं होतं.

१९५१ ची पण एक आहे. फक्त १,२०,००० पाडल्या आणि बहुतेक बर्म्युडाला गेलेल्या, तिथून फिरत फिरत लंडनच्या बसमध्ये.

१० फेब्रुवारी, शनिवार

दर्जा ठरवायला शिकतेय. इथली भाषा अशी: फाईन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं पण सगळं वाचता येतं, व्हेरी फाईन म्हणजे उंच जागाच झिजल्यात, एक्स्ट्रीमली फाईन म्हणजे जवळजवळ न वापरलेलं. शब्द ऐकून फसायला होतं, फाईन म्हणजे छान असं आपल्याला वाटतं, नाण्यांत ते खालच्याच पायऱ्यांवर येतं.

पेनीवर मी ब्रिटानियाकडे (मागच्या बाजूची ढाल घेतलेली बाई) बघते, तिच्या ढालीवरच्या आडव्या उभ्या पट्ट्या आणि छातीवरच्या घड्या आधी जातात. बन पेनीवर व्हिक्टोरियाच्या कानावरचे केस. एक पायरी वर गेली की किंमत तिप्पट चौपट होते म्हणून माणूस स्वतःच्या नाण्याला उदारपणे मार्क देतो, मी पण पहिल्या फेरीत दिले, मग रात्री ठेवून सकाळी परत बघितलं आणि बहुतेकांना एक पायरी खाली आणलं. किमतीला स्पिंकचं वार्षिक कॅटलॉग लायब्ररीतून आणलंय. पण कॅटलॉगमधली किंमत म्हणजे डीलर ज्या भावात विकेल ती, आपल्याला मिळेल ती नाही. त्यापेक्षा ऑनलाईन लिलावात तेच नाणं, त्याच दर्जाचं, खरंच कितीला गेलं ते बघायचं. किती मागतायत ते नाही, कितीला गेलं ते. चाळीस पौंड मागणारे चाळीस जण असतात आणि नाणं जातं तेराला.

आपल्या बहुतेक पेन्या फाईनच्या पण खाली. साठ सत्तर वर्षं लोकांच्या खिशात फिरलेल्या. त्या किलोवरच जातील.

१७ फेब्रुवारी, शनिवार

काकूच्या चर्चिल क्राऊनचं सांगायचं होतं, टाळत होते. तिला वाटायचं डब्यात तेच सगळ्यात मोलाचं, म्हणून टिश्यू. १९६५ ला चर्चिल गेल्यावर काढले, पण सुमारे १ कोटी ९६ लाख पाडले, प्रत्येकाने घरात जपून ठेवले, त्यामुळे आजही घरोघरी तसेच. चांदी नाही. एकाचे पाऊण पौंड, फार तर पौंड. काकू थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग टिश्यू कशाला वाया घालवला मी." मग तिने परत तसेच गुंडाळून ठेवले.

वहीच्या मागच्या कव्हरच्या खिशात एक पगाराचं पाकीट सापडलं, आत दोन पेन्या, १९४८ आणि १९४९, दोन्ही साध्या, बाजारात दोन्ही मिळून पौंडही येणार नाही. एवढ्या जपून का? दर्जा बघितला, अक्षरं बघितली, उलट्या सुलट्या केल्या. काकूलाही माहीत नव्हतं. मग राजाच्या डोक्याभोवतीची लॅटिन ओळ भिंगातून अक्षर अक्षर वाचली. १९४८ वर शेवटी "इंड इम्प" आहे. १९४९ वर नाही, ती जागा "फिडेई डेफ" ने भरलीय. इंड इम्प म्हणजे भारताचा सम्राट. व्हिक्टोरियाच्या शेवटच्या वर्षांपासून, १८९३ पासून ही अक्षरं इथल्या नाण्यांवर होती, जून १९४८ मध्ये राजाने ती पदवी सोडल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षीच्या ठशातून ती गेली.

मी दोन्ही पेन्या काकूच्या तळहातावर शेजारी ठेवल्या आणि भिंग दिलं. तिला दिसायला वेळ लागला, मोतीबिंदू झालाय एका डोळ्याला. दिसल्यावर तिने बोट ठेवलं त्या मोकळ्या बाजूवर. मग म्हणाली, हे त्या वर्षी सात वर्षांचे होते. ही दोन विकायची नाहीत, हे सांगायला लागलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

काल लंडनमध्ये कॉईन फेअरला जाऊन आले. हॉटेलच्या हॉलमध्ये टेबलं, प्रत्येकावर ट्रे, बहुतेक म्हातारे पुरुष, पण वागायला चांगले. तीन डीलरना तीच पिशवी तोच कागद दाखवला. चांदीच्या भावाच्या ८० टक्के, ८५, आणि एकाने ९० सांगितले. तिघांनीही १९१९ च्या आधीची पिशवी न सांगता वेगळी धरली. म्हणजे माझा कागद बरोबर होता.

९० वाल्यांच्या ट्रेमध्ये सॉव्हरिन (सोन्याचं ब्रिटिश नाणं) होते, मी सहज विचारलं मुंबईचा आहे का. त्यांनी लगेच काढून हातात दिला. १९१८ मध्ये रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली होती आणि फक्त त्याच वर्षी तिथे सॉव्हरिन पाडले, पावणेतेरा लाखांच्या वर, खूण म्हणून घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर इंग्रजी आय. आठ ग्रॅमला काही मिलिग्रॅम कमी, बावीस कॅरेट. आय म्हणजे इंडिया. आमच्याकडे आजीच्या गळ्यात होती ती गिनी यातलीच का, हे विचारायला आता कोणी नाही. नाणं नखाएवढं पण हातात अनपेक्षित जड लागतं. घेतला नाही, सोन्याचाच भाव पावणेचारशेच्या आसपास होता, पण त्यांनी घाई केली नाही, हवा तितका वेळ बघू दिला.

त्यांचा एक सल्ला लिहून ठेवते. चांदीचे सिक्सपेन्स मोडीत घालू नका. इथे लग्नात नवरीच्या बुटात सिक्सपेन्स ठेवायची रीत आहे, ख्रिसमसच्या पुडिंगमध्येही घालायचे, त्यामुळे बरी दिसणारी, वर्ष स्वच्छ वाचता येणारी सुटी विकली तर मोडीच्या दुप्पट तिप्पट येतात.

९ मार्च, शनिवार

लिस्टिंग सुरू. सिक्सपेन्स अठरा निवडले. फोटो खिडकीपाशी ढगाळ उजेडात, फ्लॅश नाही, पाठीमागे राखाडी कार्ड, दोन्ही बाजू आणि जिथे ओरखडा आहे त्याचा वेगळा फोटो. वर्णनात जे आहे तेच लिहिते, "माझ्या काकांनी १९६० च्या दशकात बसच्या सुट्ट्यांतून जमवलेलं" ही एक ओळ प्रत्येकात. घासलेल्या अकरा बन पेन्यांच्या लॉटमध्ये पहिलाच शब्द "घासलेल्या". त्या लिहिताना काकू शेजारी होती, मी इंग्रजीत लिहीत होते, तिने वाचलं. "म्हणजे मी बिघडवल्या होत्या." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आणि हे छान म्हणाले." आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, पण मला वाटतं ते कळणं तिला आवडलं.

लॉट काढून घेतला. त्या अकरा पण राहतील.

२४ मार्च, रविवार

१९५१ ची पेनी २७ पौंडाला गेली, केएन १४ ला. पितळी तीन पेन्समध्ये १९४९ चा एक होता (१९४६ आणि १९४९ ही दोनच वर्षं त्यात बघायची), तो १२ ला. सिक्सपेन्स सगळे गेले, एकूण ५८. एका बाईंनी १९३९ चाच हवा म्हणून विचारलं, आईच्या जन्माचं वर्ष, लेकीच्या लग्नाला. पाठवला. १८९७ चा हाफ क्राऊन १९ ला, मला वाटलं होतं तीस येतील, पण व्हिक्टोरियाच्या गालावर ठोकर होती आणि फोटोत मी ती लपवली नव्हती.

एक चूक झाली. पहिलं पार्सल साध्या पाकिटात नाणं नुसतं कागदात गुंडाळून पाठवलं, सॉर्टिंगमध्ये पाकीट फाटून नाणं गळलं, घेणाऱ्याला रिकामं पाकीट मिळालं. साडेतीन पौंडाचा सिक्सपेन्स होता, दुसरा पाठवला. आता नाणं दोन पुठ्ठ्यांच्या मधे चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करते, हलता कामा नये, वीस पौंडाच्या वर असेल तर स्पेशल डिलिव्हरी.

१२ एप्रिल, शुक्रवार

पाडव्याला काकू नव्या फ्लॅटमध्ये गेली, बाल्कनीत छोटी गुढी उभारली.

चांदी थांबवून ठेवली होती ते बरं झालं, भाव वर गेलाय, आज ग्रॅमला ७० पेन्स. अर्धा दिवस सुट्टी टाकून ९० टक्केवाल्यांकडे गेले. निम्म्या चांदीचं ८५० ग्रॅम उरलं होतं, स्टर्लिंग ११० ग्रॅम. त्यांनी माझ्यासमोर परत मोजलं, गुळगुळीत हाफ क्राऊन बाजूला काढला आणि हा कशात धरायचा विचारलं, मी पाण्याचे आकडे दाखवले, त्यांनी स्वतः मागे जाऊन तपासलं आणि स्टर्लिंगच्या ढिगात टाकला. ३३१ पौंड, बँकेत. पैसे जमा झाल्याचं फोनवर दिसल्यावरच निघाले. दुकानातून बाहेर पडताना पिशवी रिकामी होती आणि खांदा उगाच हलका वाटत होता, तसं आवडलं नाही मला.

२० एप्रिल, शनिवार

झिजलेल्या पेन्या विकायला काढल्यात, दोन किलो वीस पौंडाला एका शिक्षकांनी घेतल्या, शाळेत जुना हिशेब शिकवायला. त्यांना सांगितलं की तीन पेन्यांचा बरोबर एक औंस होतो आणि हाफपेनी बरोबर एक इंच रुंद, त्यांनी हाफपेन्याही मागितल्या. घेऊन जाताना त्यांना वही दिसली. चाळली, १९३३ च्या वर्तुळापाशी थांबले, आणि वहीचे पन्नास पौंड देतो म्हणाले. काकूला फोन लावला. "वही नाही," ती म्हणाली, "पण त्यांना त्या पानाचा फोटो काढू दे."

आतापर्यंत ४८१ पौंड, त्यातून काटा, भिंग आणि प्लास्टिकची पाकिटं मिळून २६ गेले. राहिलंय: फार्दिंग ३८, पितळी ५६, १९४७ नंतरची पांढरी पिशवी, चार चर्चिल. फार्दिंगमधले रेन पक्ष्याचे वेगळे काढायचेत, पुढच्या शनिवारी काकूकडेच बसून करू म्हणतेय, तिला पक्षी दिसतो का बघायचंय, ऑपरेशन बुधवारी आहे.